दोन पारितोषिकांचे एक घर

यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या" असे चिटणीसबाईंनी मला संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच बजावून ठेवले होते. मी इतिहासाची शिक्षिका, तेव्हा मंडळाचा इतिहास लिहीन असा त्यांचा कयास असावा. पण मंडळाचा इतिहास मागच्या दोन स्मरणिकांत येऊन गेला आहे, आणि त्यात नवीन भर घालण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. शिवाय मध्यंतरी कार्यकारी मंडळाच्या सभेत जो वाद झाला त्यामुळे माझे मन निराळ्याच विषयाकडे वळले.

वाद असा. आपल्या एका दिवंगत सभासद भगिनीच्या मुलांनी आईच्या स्मरणार्थ मंडळाला देणगी दिली. त्या रकमेच्या व्याजातून दरवर्षी 'आदर्श माता' पुरस्कार द्यावा अशी सूचना आली. बहुतेकींनी माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्यातली वयाने सर्वांत लहान सभासद उठून म्हणाली, "काकू, आदर्श माता ठरवायची कशी? मुलांना विचारून, की शेजाऱ्यांना विचारून?" सगळ्या हसल्या, चहा आला, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. मी मात्र घरी येईपर्यंत त्या प्रश्नाशीच चालत होते. त्या वेळी मला आठवली ती आल्वा मिर्दाल.

आल्वाबाई स्वीडन देशातल्या. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्यांचे पती गुन्नार मिर्दाल ह्यांचे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आशियातील दारिद्र्यावरचा त्यांचा 'एशियन ड्रामा' हा तीन खंडी ग्रंथ १९६८ साली निघाला, आणि त्याची बरीचशी तयारी दिल्लीत झाली. ती दिल्लीत का झाली? कारण त्यांची पत्नी १९५५ पासून १९६१ पर्यंत आपल्या देशात स्वीडनची राजदूत होती! पुढे नवऱ्याला १९७४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि बायकोला १९८२ साली शांततेचे. क्युरी दांपत्याला ते एकत्र मिळाले होते. ह्या दोघांना वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या विषयांसाठी मिळाले. एका घरात दोन पारितोषिके. ऐकायला किती गोड वाटते! पण त्या घराच्या आत डोकावले की गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

आल्वाचा जन्म १९०२ सालच्या जानेवारीत उप्साला येथे झाला. वडील बांधकामाची कामे घेत, विचारांनी समाजवादी. आईच्या माहेरी क्षयाने माणसे गेलेली. त्या धास्तीने ती वाचनालयाची पुस्तके घरात येऊ देत नसे, कोणा रोग्याचा हात लागलेला असायचा म्हणून. आपल्या मंडळाच्या वाचनालयात बसून पुस्तकांच्या पानांना थुंकी लावणाऱ्या भगिनींनी ह्याची नोंद घ्यावी! मुलीला वाचनाची भूक, आणि पुस्तक घरात आणायचे नाही. त्यात एस्किल्स्टूना ह्या त्यांच्या गावचे उच्च विद्यालय फक्त मुलांसाठी. तेव्हा आल्वा एका कचेरीत कारकुनी करू लागली. पुढे वडिलांनी खटपट करून मुलींसाठी खाजगी वर्ग सुरू करविला. शिक्षक तेच, पण मुलग्यांना जे शिक्षण सहज मिळत होते ते मुलींनी जबर फी भरून घ्यायचे. १९२२ साली ती परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि १९२४ साली गुन्नारशी तिचे लग्न झाले.

आता त्या काळच्या स्वीडनकडे वळू. आज आपण त्या देशाला सुखी व श्रीमंत म्हणून ओळखतो. १९३० च्या सुमारास तो गरीब होता, बेकारी होती, शहरात एका खोलीत सहा सहा माणसे राहत. अशा घरात मूल कोण जन्माला घालणार? जन्माचे प्रमाण इतके घसरले की युरोपात त्याहून कमी प्रमाण सापडेना. ह्यावर जुन्या मताच्या पुढाऱ्यांचा उपाय ठरलेला होता : विवाहित बायकांनी नोकऱ्या सोडाव्यात, घरी बसावे, मुले वाढवावीत. विवाहितांना नोकरीतून दूर करावे अशा सूचना तर त्यांच्या संसदेत पुन्हा पुन्हा येत होत्या.

अशा वेळी, १९३४ साली, ह्या तरुण जोडप्याने मिळून लोकसंख्येच्या संकटावर एक पुस्तक लिहिले. आल्वा तेव्हा ३२ वर्षांची होती. पुस्तकाने देशभर खळबळ उडवली. त्यातले म्हणणे असे : बायका मुले नको म्हणतात ते त्या स्वार्थी झाल्या म्हणून नव्हे, मुलाचा सगळा भार एकट्या घरावर पडतो आणि लाभ मात्र सगळ्या राष्ट्राला होतो, म्हणून. तेव्हा राष्ट्राने त्या भारात वाटेकरी व्हावे. बाळंतपण फुकट हवे, घरे मोठी हवीत, शाळेत जेवण हवे, लहानग्यांसाठी जाणत्या बाईच्या देखरेखीखाली शिशुगृहे हवीत. आणि मूल केव्हा हवे, किती हवीत, हे आईबापांच्या इच्छेवर असावे. संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी उठवावी. (ती बंदी तेथे १९३८ साली उठली. आपल्या र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ सालीच त्यासाठी केंद्र उघडले होते, आणि त्याबद्दल समाजाच्या शिव्याच खाल्ल्या होत्या, हे सहज आठवले.)

पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या नोकरीसंबंधी एक सरकारी समिती नेमली गेली. कर्स्टिन हेसेलग्रेन ह्या बाई तिच्या अध्यक्षा, आणि आल्वाबाई चिटणीस. तेथे आल्वाबाईंनी जी युक्ती केली ती मला अजून फार आवडते. तोवर सगळे भांडण 'विवाहित स्त्रीला नोकरीचा हक्क आहे की नाही' ह्यावर चाले. त्यांनी वाक्यच उलटे केले. म्हणाल्या, प्रश्न आहे तो नोकरी करणाऱ्या स्त्रीला लग्नाचा व मुलांचा हक्क आहे की नाही हा. देशाला मुले हवीत ना? मग नोकरदार मुलीने लग्न केले, तिला दिवस गेले, की तिला घालवून देण्याचा मालकाचा अधिकार काढून घ्या. जे हत्यार बायकांवर उगारले होते तेच त्यांनी हातातून काढून घेऊन उलटे धरले. १९३९ साली तसा कायदा झाला : साखरपुडा, लग्न वा बाळंतपण ह्या कारणाने बाईला कामावरून काढता येणार नाही.

ह्या जागी थोडे स्वतःविषयी लिहिते. मी ज्या शाळेत पहिली नोकरी धरली तेथे मला दिवस गेल्यावर "आता घरीच बरं नाही का?" असे अगदी मायेने सुचविण्यात आले होते, आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात माझे नाव नव्हते. कोणी वाईट बोलले नाही. रागावायला जागाच ठेवली नव्हती, हाच त्यातला काच. स्वीडनमधला १९३९ चा कायदा मी फार पुढे वाचला, तेव्हा त्या वेळापत्रकाचा कागद डोळ्यांपुढे आला.

असो. आल्वाबाई नुसत्या कायद्यावर थांबल्या नाहीत. १९३६ साली त्यांनी स्टॉकहोममध्ये शिशुगृहातील शिक्षिकांसाठी अध्यापिका-विद्यालय काढले. त्याआधी १९३५ साली स्वेन मार्केलियस नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने त्यांच्या कल्पना घेऊन स्टॉकहोममध्ये एक 'सामुदायिक घर' बांधले. लहान लहान बिऱ्हाडे. खाली सर्वांना मिळून एक स्वयंपाकघर आणि भोजनगृह. तयार जेवण छोट्या पाळण्यातून दोरखंडाने वरच्या मजल्यांवर चढे. कपडे धुण्याची सोय, आणि इमारतीतच मुलांसाठी शिशुगृह. वीस घरांत वीस बायकांनी एकाच वेळी बटाटे कशाला उकडायचे, हा त्यामागचा विचार. आपल्या मंडळाचे पोळी-भाजी केंद्र निघाले तेव्हा "घरच्या पोळीची सर येईल का?" असे विचारणाऱ्या पुष्कळ होत्या, आज त्यांच्याच सुनांचे डबे तेथे भरले जातात. एवढे मात्र सांगितले पाहिजे की मिर्दाल कुटुंब स्वतः त्या सामुदायिक घरात राहिले नाही. त्यांनी त्याच मार्केलियसकडून १९३७ साली शहराच्या कडेला स्वतंत्र बंगला बांधून घेतला. टीकाकारांनी ही संधी सोडली नाही, आणि मीही सोडली नसती.

१९३८ साली अमेरिकेतील कार्नेगी संस्थेने गुन्नार ह्यांना बोलावले. तेथील कृष्णवर्णीय लोकांच्या स्थितीचा अभ्यास कोणा परक्या, तटस्थ माणसाने करावा अशी त्यांची इच्छा होती. सारे कुटुंब तिकडे गेले. त्या अभ्यासातून १९४४ साली 'अॅन अमेरिकन डायलेमा' हा सुमारे दीड हजार पृष्ठांचा ग्रंथ झाला. अमेरिका समतेची शपथ घेते आणि वागते मात्र उलटी, ही तिच्या मनातली दुविधा आहे, असे त्यात मांडले आहे. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालाच्या तळटीपेत ह्या ग्रंथाचा उल्लेख आहे. गुन्नार ह्यांना नोबेल देताना निवडसमितीने ह्याच ग्रंथाला मोठे महत्त्व दिले होते.

ह्या ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टे आहेत. सहसा परिशिष्टे कोणी वाचत नाही; पण पाचवे परिशिष्ट मंडळाच्या प्रत्येक सभासदाने वाचावे असे आहे. कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि स्त्रियांचा प्रश्न ह्यांतील साम्य हा त्याचा विषय. दोघेही एके काळी कुटुंबप्रमुख पुरुषाच्या सत्तेखाली होते. गुलामांची कायद्यातील स्थिती ठरवताना बायकामुलांच्या स्थितीचाच कित्ता गिरवला गेला. दोघांचीही बुद्धी कमी आणि भावना जास्त असे सांगण्यात आले. दोघेही 'आपल्या जागी' सुखी आहेत असे म्हटले गेले, आणि जागा सोडली की बिघडले असे म्हटले गेले. वर्ण आणि लिंग ह्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचा हा विचार पुढे विद्यापीठांतून स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. १९४४ साली तो एका परिशिष्टात, पुस्तकाच्या शेवटी, बारीक टाइपात छापलेला होता.

आणि त्या परिशिष्टाचा आधार कोणता? आल्वाबाईंचा ग्रंथ! अमेरिकेतील त्याच वास्तव्यात त्यांनी 'नेशन अँड फॅमिली' हे इंग्रजी पुस्तक तयार केले. ते १९४१ साली निघाले. स्वीडनच्या कुटुंबविषयक धोरणाचा तो पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ म्हणता येईल. माणसांत स्त्री व पुरुष असे दोन असता 'सामाजिक प्रश्न' मात्र त्यांतल्या एकाचाच का व्हावा, ह्यावर त्याचे शेवटचे प्रकरण आहे. गुन्नार ह्यांनी तळटीप देऊन ते ऋण मान्य केले आहे; त्यांनी लपविले नाही. पण बायकोचे पुस्तक नवऱ्याच्या पुस्तकाच्या परिशिष्टातील तळटीप झाले, आणि नवऱ्याच्या पुस्तकाला पुढे पारितोषिकाचा मान मिळाला, हेही तितकेच खरे. मी दोष कोणाला देऊ? बहुधा कोणालाच नाही. पण स्मरणिकेत नोंद तरी असावी.

१९४९ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, आल्वाबाई एकट्या न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात समाजविषयक विभागाच्या प्रमुख म्हणून गेल्या. गुन्नार तेव्हा जिनिव्हात होते. मग त्यांनी पॅरिसला युनेस्कोत समाजशास्त्रांचा विभाग सांभाळला, आणि मग दिल्ली. ह्या धावपळीतच १९५६ साली त्यांचे आणखी एक पुस्तक आले, 'विमेन्स टू रोल्स'. ते त्यांनी व्हायोला क्लाइन ह्या बाईंबरोबर लिहिले. ह्या व्हायोलाबाई व्हिएन्नात जन्मलेल्या ज्यू. नाझींच्या भयाने इंग्लंडला आल्या. शिकलेल्या असूनही आरंभी त्यांना लोकांच्या घरी कामवाली म्हणून राहावे लागले. आईवडील मागे राहिले ते नाझींच्या छळछावणीत गेले. अशा बाईने पुन्हा अभ्यास सुरू करून 'स्त्रीस्वभाव' म्हणून शास्त्रज्ञांनी जे जे सांगितले त्याची झडती घेणारा प्रबंध लिहिला, तो १९४६ साली छापला गेला. 'स्त्रीचे मन असेच' असे ठासून सांगणारे आणि 'अमुक वंशाचे रक्त तसेच' असे ठासून सांगणारे एकमेकांपासून फार दूर नसतात, हे तिच्याइतके कोणाला कळणार?

दोघींच्या पुस्तकातला विचार साधा आहे. बाईचे आयुष्य आता लांबले आहे. मुले लहान असण्याची वर्षे त्यात थोडी. तेव्हा आधी शिक्षण व नोकरी, मध्ये काही वर्षे मुलांसाठी, आणि मुले मोठी झाली की पुन्हा काम, अशी आखणी समाजाने शक्य करून द्यावी. त्या वेळी हे धाडसाचे होते. पुढच्या पिढीने त्यात उणे काढले : मधली वर्षे आईनेच का द्यायची, बापाने का नाही? स्वीडनमध्ये १९७४ पासून मुलासाठीची पगारी रजा आई किंवा बाप कोणीही घेऊ शकतो. तत्पूर्वी १९६९ साली समतेविषयीचा जो अहवाल तेथील सत्ताधारी पक्षापुढे आला त्या समितीच्या अध्यक्षा आल्वाबाईच होत्या.

आता जे लिहायला नको वाटते ते लिहिते. १९३४ च्या त्या पुस्तकात, शिशुगृहांच्या आणि मोफत बाळंतपणाच्या शेजारीच, 'मतिमंद' ठरविलेल्या माणसांना मुले होऊ देऊ नयेत, त्यांची शस्त्रक्रिया करावी, असाही आग्रह आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या गप्पा ह्या जोडप्याला मान्य नव्हत्या. तरी चांगल्या राष्ट्रात माणसेही निवडक असावीत हा विचार त्यांनी सोडला नव्हता. स्वीडनमध्ये तसा कायदा १९३४ साली झाला, १९४१ साली तो अधिक कडक झाला. तो रद्द होईपर्यंत, म्हणजे १९७० नंतरच्या मधल्या वर्षांपर्यंत, सुमारे ६३ हजार शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत दहांतल्या नऊहून अधिक स्त्रियांच्या होत्या. सगळ्याच सक्तीच्या नव्हत्या. पण 'सही कर, नाहीतर संस्थेतून सोडणार नाही' अशा सहीला संमती कसे म्हणावे? गरीब बायका, एकट्या आया, आणि रेसांदे नावाच्या भटक्या समाजातील माणसे ह्यांच्याकडे अधिकारी विशेष संशयाने पाहत. १९९७ साली एका वर्तमानपत्राने हे प्रकरण नव्याने उघड केले आणि १९९९ साली सरकारने पीडितांना प्रत्येकी १ लाख ७५ हजार क्रोनर भरपाई देण्याचा कायदा केला.

आपण ह्यावर फार मोठ्याने 'अरेरे' म्हणण्याचे कारण नाही. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही सक्तीच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आईला मदत करणारे सरकार आणि कोणी आई व्हावे हे ठरविणारे सरकार ह्यांच्यातली रेघ फार बारीक असते. आल्वाबाईंसारख्या बुद्धिमान स्त्रीला ती त्या वयात दिसली नाही, हे मला त्यांच्या चाहतीलाही कबूल करावे लागते.

साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी विषयच बदलला. १९६२ पासून १९७३ पर्यंत जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेत त्यांनी स्वीडनची बाजू मांडली. अण्वस्त्रांच्या बाबतीत दोन्ही बलाढ्य राष्ट्रांना त्या सारख्याच परखडपणे सुनावत. १९८१ साली आपल्या सरकारने आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार ह्या पतिपत्नींना मिळून दिला. पुढच्या वर्षी नोबेल आले, मेक्सिकोच्या गार्सिया रोब्लेस ह्यांच्याबरोबर विभागून. कुटुंबावरच्या विद्वत्तेला मात्र त्यांच्या हयातीत तसा मान मिळाला नाही. स्त्रियांच्या नोकरीचा आणि संसाराचा इतिहास हा विषय अर्थशास्त्राच्या नोबेलला योग्य ठरला तो २०२३ साली, अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन ह्यांच्या रूपाने. आल्वाबाईंच्या पहिल्या पुस्तकानंतर ८९ वर्षांनी!

आणि ज्या १९८२ साली आल्वाबाईंना शांततेचे पारितोषिक मिळाले, त्याच साली त्यांचा थोरला मुलगा यान ह्याने आपल्या बालपणावर पुस्तक छापले. तो स्वतः नामवंत लेखक. जगाला मुले कशी वाढवावीत हे शिकवणाऱ्या आईने आपल्याकडे पाहिले नाही, असा त्याचा सूर. १९२९ साली आईबाप शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले तेव्हा दोन वर्षांच्या यानला त्यांनी आजीआजोबांकडे ठेवले होते. आईला ते पुस्तक फार लागले. पुढे मुलगी सिसेला, जी स्वतः तत्त्वज्ञानाची विदुषी, तिने आईचे चरित्र लिहिले. त्यातली आई निराळी आहे, थकलेली, धडपडणारी, नवऱ्याच्या हट्टांत आणि मुलांच्या गरजांत ओढली जाणारी. दोन्ही मुले एकाच घरातली. दोघेही खोटे बोलत नसावीत.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मी बी.एड.साठी पुण्याला गेले आणि त्याला वर्षभर साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवला. सासूबाईंनी स्वतःच "जा, मी बघते घर" म्हणून पाठवले, म्हणून तरी जमले. दिवाळीत मी गेले तर तो आईच्या पदरामागे लपला आणि मला "मावशी" म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. आज तो पन्नाशीकडे आला आहे, त्याला ते काही आठवत नाही म्हणतो. मी अधूनमधून विचारते, तो म्हणतो, "आई, किती वेळा विचारशील?"

आपल्या मंडळाच्या पाळणाघरात सध्या २२ मुले आहेत आणि सांभाळायला दोनच बाया. तिसऱ्या बाईची गरज आहे हे प्रत्येक वार्षिक अहवालात छापले जाते. देणगीच्या व्याजातून तिचा निम्मा पगार निघतो, मी हिशेब मांडून पाहिला आहे. उरलेला निम्मा पोळी-भाजी केंद्राने द्यावा असे माझे मत आहे, केंद्राच्या बाईंचे नाही. पुरस्काराचा ठराव आणि हा ठराव दोन्ही पुढील सभेत येतील. सभा पाळणाघरातच आहे, सायंकाळी साडेपाचला, मुले घरी गेल्यावर. सतरंज्या घालायला दोघींनी थोडे आधी यावे.